स्टार कॅक्टस बियांपासून वाढवायचाय? मग हे एकदा नीट वाचा

गोल, चपटा, एकही काटा नाही, आठ समान फोडी पाडल्यासारखं अंग आणि त्यावर पांढरे ठिपके, असा कॅक्टस तुम्ही नर्सरीत नाहीतर इन्स्टावर बघितलेला असणारच. नाव ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास. इंग्रजीत त्याला स्टार कॅक्टस म्हणतात, सँड डॉलर कॅक्टस पण म्हणतात, जपानी लोक काबुतो म्हणतात आणि आपल्याकडचे विकणारे नुसतं ॲस्ट्रो म्हणून मोकळे होतात. दिसतो इतका गोंडस की नवीन माणूस कॅक्टसच्या नादाला लागला की पहिल्या चार-पाच खरेदीतच हा घरी येतो, आणि बऱ्याचदा पहिल्याच पावसाळ्यात जातो. म्हणून म्हटलं सगळं एका जागी लिहून ठेवू.

माझं मत आधीच सांगते. हा कॅक्टस मोठा विकत घेऊ नका, बी पेरून वाढवा. वेळ लागतो, मान्य आहे, पण तुमच्या गच्चीवर जन्मलेलं रोप तुमच्या हवेला सरावलेलं असतं आणि बाहेरून आणलेलं तयार झाड तसं नसतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, हा जंगलात खरोखर कमी होत चाललाय आणि तुम्ही घेतलेलं मोठं झाड कुणीतरी जंगलातून उपटून आणलेलं नाही ना हे दर वेळी कळत नाही. बियांचं रोप म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही.

आधी तो मूळचा कुठला ते बघा

हा भाग गाळून डायरेक्ट मातीवर जाऊ नका, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

ॲस्टेरियास मूळचा अगदी छोट्या पट्ट्यातला. अमेरिकेत टेक्सासच्या पार दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीजवळची स्टार काउंटी, आणि नदीपलीकडे मेक्सिकोतली तामाउलिपास आणि नुएवो लेओन ही राज्यं, बस्स. कार्विन्स्की नावाच्या माणसाने 1843 मध्ये तो मेक्सिकोतून गोळा केला, झुकारिनी या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने 1845 मध्ये त्याचं वर्णन छापलं, आणि त्यानंतर गंमत म्हणजे युरोपात आलेली झाडं मेली आणि जंगलात तो पुन्हा कुणाला सापडेचना, शेवटी 1923 मध्ये फ्रिच या चेक माणसाने तो परत शोधून काढला. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं हा कॅक्टस फक्त कागदावर होता. कारण सोपं आहे, तो दिसतच नाही. दुष्काळ पडला की अंगातलं पाणी वापरत वापरत तो आकसतो आणि जमिनीच्या बरोबरीने नाहीतर त्याच्याही खाली जातो, वर धूळ बसते, तुम्ही त्याच्यावर पाय देऊन पुढे जाल तरी कळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाळवंटातला कॅक्टस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं रखरखीत ऊन आणि उघडी वाळू, पण ॲस्टेरियास तसा राहत नाही. त्याचं घर म्हणजे सखल भागातलं काटेरी झुडपांचं रान, खाली खडे मिसळलेली चिकण माती, आणि बहुतेक झाडं कुठल्या ना कुठल्या झुडपाच्या सावलीत नाहीतर गवताच्या आडोशाला असतात. उघड्यावर उगवलेली छोटी रोपं तगणं अवघड. वर्षाचा पाऊस साधारण 500-550 मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर-नगर पट्ट्यात पडतो जवळपास तेवढाच. फरक एवढाच की तिकडे पाऊस उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा जोर धरतो, मग सप्टेंबरच्या आसपास परत, आणि मध्ये कडकडीत सुकतं. आपल्यासारखं चार महिने सलग ढगाळ, ओलं, चिकचिकीत नसतं. ॲस्टेरियास आपल्याकडे उष्णतेने फार मरत नाही, तिकडेही पारा चाळिशीला जातोच, तो मरतो तो जुलै-ऑगस्टमध्ये.

तो धोक्यात का आलाय

शेतीसाठी आणि कुरणांसाठी रानं साफ केली गेली हे पहिलं कारण. त्यातही त्या मोकळ्या जमिनीवर गुरांसाठी एक गवत मुद्दाम पेरलं गेलं, बफेल ग्रास, ते इतकं दाट वाढतं की खाली काही जगत नाही. हे गवत तुम्हाला माहीत आहे बरं का, आपल्याकडे त्यालाच अंजन गवत म्हणतात, इथे चारा म्हणून लोक आवडीने लावतात आणि तिकडे ते डोकेदुखी झालंय.

दुसरं कारण हौशी लोक, म्हणजे आपल्यासारखेच. जंगलातून उपटून विकणं वर्षानुवर्षं चाललंय. आणि तिसरं कारण ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, ते म्हणजे पेयोटे. पेयोटे हाही बिनकाट्याचा, गोल, जमिनीला चिकटलेला कॅक्टस, काही नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या धार्मिक विधीत वापरला जातो आणि टेक्सासच्या त्याच भागात परवाना असलेले लोक तो तोडून विकतात. दोघं एकाच रानात उगवतात आणि लांबून सारखे दिसतात, त्यामुळे पेयोटे तोडताना अधूनमधून ॲस्टेरियासही तोडला जातो.

अमेरिकेने 1993 मध्ये त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत टाकलं. सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशादेशांतल्या व्यापारावरचा करार, त्यात तो परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. स्टार काउंटीत नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने त्याच्यासाठी लास एस्ट्रेयास नावाची राखीव जागाही ठेवली आहे.

टेक्सासमध्ये राहणारे आपले बरेच लोक असल्या गोष्टी वाचतात म्हणून त्यांच्यासाठी एक वाक्य, तिकडची बहुतेक जमीन खासगी आहे, परवानगीशिवाय आत शिरू नका, कुठे दिसलाच तर फोटो काढा पण ठिकाणाचं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, चोर ते वाचतातच.

पायरी पहिली: बी मिळवा, पण सरळ मार्गाने

भारतात आता हौशी लोक आपल्याच झाडांचं बी धरून विकतात किंवा अदलाबदल करतात, फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या कॅक्टस ग्रुपवर विचारलं की मिळतं. तेच घ्या. परदेशातून परस्पर पाकीट मागवायचं तर सायटीसची कागदपत्रं, तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, इकडची परवानगी हे सगळं लागतं, "पाकिटात घालून पाठवतो, काही होत नाही" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही 2022 च्या दुरुस्तीने सायटीसच्या यादीतल्या जाती आल्या आहेत, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे, आणि परिशिष्ट एकमधली झाडं वाढवण्याचा उद्योग करणाऱ्यांना नोंदणीची तरतूद त्यात आहे. चार कुंड्या ठेवायच्या असोत नाहीतर पुढे रोपं विकायचा विचार असो, आपल्याला नेमकं काय लागू होतं ते वनखात्याकडे आधी विचारून घ्या.

बी घेताना दोन प्रश्न विचारायचे. बी कधी काढलेलं आहे, आणि आई-बाप दोन्ही ॲस्टेरियासच होते का. पहिला प्रश्न यासाठी की बी जितकं जुनं तितकी उगवण कमी, या वर्षीचं असेल तर उत्तम. दुसरा प्रश्न यासाठी की ॲस्ट्रोफायटमच्या जाती एकमेकांत सहज मिसळतात, मिरिओस्टिग्मा, ऑर्नाटम, कॅप्रिकॉर्न यांच्याशी संकर केलेली रोपं ॲस्टेरियास म्हणून राजरोस विकली जातात. ओळख अशी की शुद्ध ॲस्टेरियासला काटे येत नाहीत, फोडींच्या मध्यावर लोकरीचे गोल पुंजके येतात आणि अंग बुटकं राहतं. काटा दिसला किंवा झाड उंच व्हायला लागलं की समजा कुणीतरी मध्ये आलंय. संकर वाईट असं नाही, उलट ते जास्त दणकट असतात, पण घेताना माहीत असावं. सुपरकाबुतो म्हणजे जपान्यांनी निवडून निवडून जास्त पांढरा केलेला प्रकार, तो दिसतो भारी पण माझ्या मते पहिल्यांदा साधाच लावा, बी स्वस्त मिळतं आणि जीव कमी जळतो.

बी दिसायला मोठं असतं, काळपट तपकिरी, चकचकीत, एका बाजूने पोकळ. बऱ्याच कॅक्टसच्या बियांसारखं धुळीएवढं नसतं त्यामुळे एक एक चिमट्याने ठेवता येतं.

पायरी दुसरी: माती

इथे लोक फार गोंधळ घालतात. कोण म्हणतं अमुक ब्रँडचा प्युमिसच (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) पाहिजे, कोण जपानी अकादामा (मातीचे भाजल्यासारखे दाणे) मागवतं. काही गरज नाही. तत्त्व एकच, पाणी ओतलं की लगेच खालून निघून गेलं पाहिजे आणि कुंडी दोन-तीन दिवसांत कोरडी झाली पाहिजे.

मोठ्या रोपांसाठी चार भाग खडे आणि एक भाग कुजलेला पाला किंवा धुतलेलं कोकोपीट. खडे म्हणजे काय काय चालेल, तर विटांचा चुरा, बॉयलरमधली जळालेली कोळशाची खडी म्हणजे सिंडर, परलाइट म्हणजे नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे, प्युमिस मिळालाच तर प्युमिस, कोकणात-गोव्यात जांभ्याचे बारीक तुकडे. जे काय घ्याल ते चाळून घ्या, पिठासारखी धूळ फेकून द्या आणि दोन ते पाच मिलिमीटरचे कण ठेवा. हे चाळणं कंटाळवाणं आहे पण अर्धी लढाई तिथेच आहे, कारण धूळ खाली जाऊन बसते आणि कुंडीच्या तळाशी चिखल होतो. क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू वापरत असाल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. काळी माती अजिबात नको.

कुणीतरी विचारेलच की तिकडे तो चिकण मातीत राहतो मग इथे का नाही. कारण तिकडे खाली खोल जमीन आहे, आजूबाजूच्या झुडपांची मुळं पाणी ओढून घेतात आणि वारा, ऊन मोकळं आहे. तुमच्या तीन इंची कुंडीत यातलं काहीच नाही, ओली माती ओलीच राहते.

पेरणीसाठी मात्र मिश्रण थोडं बारीक आणि थोडं ओल धरणारं लागतं, निम्मं बारीक खडे, निम्मं कोकोपीट असं चालतं. ते ओलसर करून कुकरमध्ये अर्धा तास वाफवून घ्या. घरच्यांची परवानगी घ्या, वास येतो.

पायरी तिसरी: पेरणी

वेळ फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतची. ॲस्टेरियासला उगवायला 25 ते 30 अंश तापमान लागतं आणि आपल्याकडे तेव्हा ते फुकट मिळतं, शिवाय पावसाळ्याच्या आधी रोपांना दोन-तीन महिने मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही चालेल पण मग थंडीत वाढ अडकते.

छोटी कुंडी किंवा डिस्पोजेबल ग्लास घ्या, खाली भोकं पाडा, वाफवलेलं मिश्रण भरा, थंड होऊ द्या, मग ग्लास पाण्यात ठेवून खालूनच ओल चढू द्या, वरून ओतलं तर बिया इकडे तिकडे होतात. बिया नुसत्या वर ठेवायच्या, पुरायच्या नाहीत, उजेड लागतो. बियांवर बुरशीचे कण असतातच त्यामुळे आधी दोन-तीन मिनिटं पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धुतल्या तर बरं, किंवा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या अगदी हलक्या पाण्याचा फवारा मारा, हातमोजे घालून. मग सगळा ग्लास झिपलॉक पिशवीत घालून बंद. नाव आणि तारीख लिहा, आत्ताच लिहा, नंतर आठवत नाही.

पिशवी उजेडात ठेवायची पण थेट उन्हात नाही, बंद पिशवीत ऊन म्हणजे भाजून काढणं. घरात साधा एलईडी बल्ब फूटभर वर टांगून दिवसाला बारा तास लावला तरी छान चालतं. ताजं बी असेल तर दोन ते पाच दिवसांत हिरवे मणी दिसायला लागतात, इतकं पटकन उगवणारा कॅक्टस क्वचितच. दोन आठवड्यांत जे उगवायचं ते उगवतं, राहिलेल्यांची फार वाट बघू नका.

यात दोन अडचणी नेहमी येतात. एक, बियांची टोपी रोपाच्या डोक्यावर अडकून राहते, ती ओल्या ब्रशने हळूच भिजवून सैल करा, ओढू नका. दोन, मूळ मातीत न शिरता वरच लोळत राहतं, तर टूथपिकने छोटं भोक पाडून मूळ आत सरकवा. आणि एखादं रोप पांढऱ्या जाळीने गुंडाळल्यासारखं दिसलं तर ती बुरशी आहे, ते रोप आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने काढून टाका, दया दाखवू नका.

पायरी चौथी: पिशवीतून बाहेर, आणि पहिलं वर्ष

महिना-दीड महिना पिशवी बंद राहू दे. मग एकदम उघडायची नाही, आधी कोपरा उघडा, चार दिवसांनी अजून थोडी, असं करत दोन आठवड्यांत बाहेर. रोपांचा रंग बघत राहा. मस्त हिरवा म्हणजे सगळं ठीक, लालसर-नारिंगी व्हायला लागली म्हणजे उजेड जास्त होतोय, आणि उंच बारीक लांबट झाली म्हणजे उजेड कमी पडतोय. लांबट झालेलं रोप नंतर सुधारत नाही त्यामुळे हे सुरुवातीलाच बघा.

एक गोष्ट मात्र मोठ्या झाडांच्या उलट आहे. पहिल्या वर्षात रोपं पूर्ण कोरडी पडू द्यायची नाहीत. मोठं झाड महिनाभर सुकं राहिलं तरी त्याला काही होत नाही, पण मण्याएवढ्या रोपात पाणी साठवायला जागाच नसते. माती वरून सुकली की खालून थोडं पाणी, इतकंच. वर्ष संपेपर्यंत वाटाण्याएवढं झालं तरी खूश राहा. दुसऱ्या वर्षी ठिपके आणि लोकरीचे पुंजके नीट दिसायला लागतात आणि मग खरी मजा येते, एकाच फळातून आलेल्या बियांची रोपं पण एकसारखी नसतात, कुणावर ठिपके दाट, कुणावर विरळ, कुणी जवळजवळ हिरवागार.

पायरी पाचवी: पाणी

लोक विचारतात किती दिवसांनी पाणी घालू. दिवस मोजू नका, कुंडी उचलून बघा. भरलेली आणि सुकलेली कुंडी यातला वजनाचा फरक हाताला दोन आठवड्यांत कळायला लागतो. पूर्ण सुकली, अगदी तळापर्यंत, मग अजून तीन-चार दिवस थांबा, मग भरपूर पाणी घाला, खालून वाहून जाईपर्यंत. रोज चमचाभर पाणी घालणारे लोक असतात, ते सगळ्यात वाईट, मुळं धड ओली होत नाहीत आणि धड सुकत नाहीत.

आणि आता तो नेहमीचा घोटाळा. झाड चपटं पडलं, मधून खोलगट झालं, कडेला सुरकुत्या आल्या, की नवीन माणूस घाबरून पाणी घालतो. अहो तो त्याचा स्वभाव आहे! वर सांगितलं ना, दुष्काळात तो जमिनीत शिरतो, तेच तो तुमच्या कुंडीत करतोय. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये चपटा दिसला तर जरूर पाणी द्या, दोन दिवसांत टम्म होतो. पण डिसेंबर-जानेवारीत, किंवा ऐन पावसाळ्यात चपटा दिसला तर हात मागे घ्या. चपटा ॲस्टेरियास महिने काढतो, सडलेला एका रात्रीत जातो.

पाणी दिलं आणि आठवडाभरात फुगला नाही तर मात्र काळजीचं कारण आहे, याचा अर्थ मुळंच नाहीत. कुंडीतून काढा, बघा, मेलेली मुळं कापा, आठवडाभर सावलीत सुकवा, कोरड्या मिश्रणात लावा आणि अजून आठवडाभराने थोडं पाणी.

मे महिन्यात विदर्भात पारा 44-45 ला जातो तेव्हा हा कॅक्टस वाढ थांबवतो, तेव्हा पाणी कमी आणि संध्याकाळीच. खत म्हणाल तर वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, कमी नायट्रोजनचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात. शेणखत आणि गांडूळखत गुलाबाला घाला.

पायरी सहावी: पावसाळा

डोक्यावर पारदर्शक छप्पर पाहिजेच. यूव्ही शीट, पॉलिकार्बोनेट, जुनी काच, काहीही, पण थेट पाऊस एक थेंब नको. आणि चारी बाजू उघड्या पाहिजेत. लोक पावसाच्या भीतीने प्लास्टिकने सगळीकडून बांधून टाकतात आणि आत वाफाळलेली खोली तयार होते, त्यापेक्षा थोडे शिंतोडे परवडले.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं पाणी द्या आणि मग महिन्यातून एखादं, तेही लागोपाठ तीन दिवस ऊन पडण्याची चिन्हं दिसली तरच. मुंबई, कोकण, गोवा इथे जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या झाडांना पाणी बंदच म्हटलं तरी चालेल, हवेतच इतकं पाणी असतं. तिथे एक छोटा टेबल फॅन फार कामाचा, दिवसातून काही तास वारा फिरता राहिला की बुरशीला बसायला वेळ मिळत नाही. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या लोकांना हे सगळं सोपं जातं, तुमची हवा याला बऱ्यापैकी मानवते, फक्त परतीच्या पावसात गाफील राहू नका. छोट्या रोपांना मात्र पावसाळ्यातही अधूनमधून घोट लागतोच, त्यांना घरात बल्बखाली ठेवणं उत्तम.

गोगलगायी याच दिवसांत येतात आणि एका रात्रीत डोकं कुरतडून ठेवतात. काटे नाहीत ना, कुणीही खातं. तिकडे ससे आणि खारी खातात, इकडे खारी, उंदीर आणि गोगलगायी. जाळी लावा.

सड सुरू झाली हे कसं ओळखायचं: बुडाकडून रंग पिवळट-तपकिरी, काचेसारखा पारदर्शक डाग, बोटाने दाबलं की मऊ. तसं दिसलं तर वाट न बघता धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खालून कापत जा, आतला भाग पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत, एकही तपकिरी ठिपका मागे राहता कामा नये. मग गंधक पावडर किंवा दालचिनीची पूड लावून कोरड्या जागी सुकवा. मुळं फुटायला काही महिने लागू शकतात, कधी फुटतच नाहीत, म्हणून अशा वेळी कलम जास्त खात्रीचं. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बसवायचं ते खालचं झाड, म्हणून ड्रॅगनफ्रूट वापरा, सांगली-सोलापूरकडे आता त्याच्या बागाच बागा आहेत, एक तुकडा कुणीही देईल. कलम केलेलं झाड भराभर वाढतं आणि लवकर फुलतं, पण ते फुगलेलं, उंच दिसतं, मला स्वतःला नाही आवडत. जीव वाचवायला करा, हौस म्हणून नको.

पायरी सातवी: ऊन, कुंडी, कीड

उन्हाचं थोडक्यात: सकाळचं तीन-चार तास थेट चालेल, दुपारचं ऊन 50 टक्के ग्रीननेटमधून. घरातून काढून एकदम गच्चीवर ठेवलं की एका दुपारीत पांढरा-तपकिरी चट्टा पडतो आणि तो डाग जन्मभर राहतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन निघतं तेव्हा सगळ्यात जास्त झाडं भाजतात कारण चार महिने ती ढगाखाली राहिलेली असतात, तेव्हा नेट काढायची घाई नको.

कुंडी झाडापेक्षा बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीत माती सुकत नाही. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदला, फेब्रुवारीत, कोरड्या मातीत, आणि नंतर आठवडाभर पाणी नाही.

किडीत पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग सगळ्यात त्रासदायक, वर दिसला तर कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसा. मुळांवरचा जास्त वाईट कारण दिसत नाही, झाड कारण नसताना वाढायचं थांबलं तर कुंडीतून काढून मुळांवर पांढरी पावडर आहे का बघा, असेल तर मुळं धुवा, सगळी माती फेका, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या पाण्यात बुडवा, सुकवून नव्या मातीत. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, त्याने शेंड्याजवळ खरखरीत तपकिरी पापुद्रा धरतो, त्याला साधं कीटकनाशक लागू पडत नाही, कोळीनाशकच लागतं.

पायरी आठवी: फूल आणि स्वतःचं बी

तीन ते पाच वर्षांत, झाड साधारण तीनेक सेंटिमीटर रुंद झालं की फूल येतं. पिवळंधमक, मध्यभागी लाल-नारिंगी, कधी कधी झाडाएवढंच मोठं. दिवसा उघडतं, संध्याकाळी मिटतं, दोनेक दिवस टिकतं. आपल्याकडे मार्चपासून सुरू होतं आणि नीट पाणी-ऊन असेल तर वर्षात अनेकदा येतं.

आता हे लक्षात ठेवा की एका झाडाचं स्वतःच्याच परागाने बी धरत नाही. वेगळ्या बियाचं दुसरं झाड पाहिजे आणि दोघं एकाच दिवशी फुललेली पाहिजेत. जंगलातही हीच पंचाईत आहे, तिकडे मधमाश्या हे काम करतात, पण झाडं विरळ झाली की एकाच वेळी फुललेला जोडीदार जवळपास मिळत नाही आणि फुलं वाया जातात. म्हणून सुरुवातीलाच किमान आठ-दहा रोपं ठेवा, सगळी वाटून टाकू नका.

दुपारी फुलं पूर्ण उघडली की बारीक कोरड्या ब्रशने एकाचा पराग दुसऱ्याच्या मधल्या फाटलेल्या टोकावर लावा, मग उलट. लागलं असेल तर फूल सुकलं तरी खालचा भाग हिरवा राहून फुगत जातो, लोकरीसारखं आवरण असलेलं फळ तयार होतं. महिना-दीड महिन्यात ते सुकून फाटतं आणि मुंग्या लगेच हजर होतात, त्यामुळे फाटायच्या आधी त्याच्यावर जुन्या मोज्याचा तुकडा किंवा चहाची गाळणी उलटी घाला.

बिया काढून गर धुवा, टिश्यूवर दोन दिवस सावलीत सुकवा, कागदी पाकिटात भरा, प्लास्टिकच्या नाही. पाकिटावर तारीख आणि दोन्ही झाडांचे नंबर टाका, म्हणजे पुढच्या माणसाने तुम्हाला तेच दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता येईल. निम्म्या बिया दुसऱ्या कुणाला तरी द्या, शक्यतो दुसऱ्या गावात, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडचं बी मागून घ्या, कारण एकाच घरातली भावंडं एकमेकांत वाढवत राहिलात तर दोन-तीन पिढ्यांत बी धरायचं कमी होतं.